नंबर चालू होईपर्यंत

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची रीत आहे. मी मात्र खरं सांगतो, घटनेतलं बरंचसं मी विसरलो आहे. गुन्हा रजिस्टर नंबर तर नाहीच आठवत, कारण गुन्हा दाखलच झाला नव्हता. आठवते ती हिवाळ्यातली एक दुपार. ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोन माणसं बसलेली, मध्ये दोन माणसांची जागा रिकामी, आणि दोघंही एकाच गोष्टीची वाट पाहत असलेली. ही दुपार मला अजून अधूनमधून स्वप्नात दिसते, आणि स्वप्नात ती लवकर संपत नाही.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, मेहकर-लोणारच्या पट्ट्यात एका लहानशा ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही लिहिणार नाही. ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागूनच एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, होतं. कापसाचा हंगाम सुरू झाला की तिथून रुईचे बारीक तंतू उडायचे आणि वाऱ्याची दिशा असेल तसे आमच्या खिडकीतून आत यायचे. टेबलावर, फायलींवर, हवालदारांच्या टोप्यांवर पांढरी लव बसायची. सकाळी झाडलोट करणारी बाई वैतागायची. मला ते आवडायचं. उन्हाच्या तिरिपीत ते तंतू तरंगत राहायचे आणि ठाण्यात आरडाओरडा चालू असला तरी त्यांना खाली यायची घाई नसायची.

ते वर्ष बोंडअळीचं होतं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा अळीची भानगडच मिटली असं सगळ्यांना सांगितलं गेलं होतं, आणि बरीच वर्षं ते खरंही ठरलं. त्या वर्षी मात्र हिरवंगार बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. लोक रुमालात बोंडं बांधून ठाण्यात यायचे आणि माझ्या टेबलावर फोडून दाखवायचे. अळीवर कोणतं कलम लावायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना कृषी कार्यालयाचा रस्ता दाखवायचो आणि टेबल पुसून घ्यायचो. जिनिंगही त्या साली दिवसाआड चालायचं.

अशात एका सकाळी एक बाई आली. पन्नाशीची असेल. हातात बटणांचा जुना फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. ठाणे अंमलदार म्हणून आमचा जुना हवालदार बसला होता. मी आत होतो, दार उघडं होतं, म्हणून ऐकू येत होतं.

"गहाळ दाखला पायजे," ती म्हणाली.

"काय हरवलं?"

"काई नाही."

"मंग दाखला कायचा देऊ बाई?"

"दुकानवाला म्हने पोलिसाचा कागद आन. माहा फोन चालूच नाही राह्यला. रेंजच नाही दाखवत."

"फोन तं तुह्या हातात हाय."

"फोन हाय, पन नंबर गेला ना बापा."

हवालदाराने कपाळाला हात लावला. नियम असा की सिमकार्ड हरवलं तर पोलिसांचा दाखला लागतो, मग दुकानदार त्याच नंबरचं नवं सिम देतो. इथे सिम फोनमध्येच होतं, फक्त मुकं झालं होतं. सिम कोणाच्या नावावर आहे असं विचारल्यावर बाईने सांगितलं, "मालकाच्या." कोण मालक, तर ज्यांच्याकडे तिचा नवरा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता ते शेतकरी. हवालदाराने तिला समजावलं की ज्याच्या नावावर सिम त्यालाच घेऊन ये. ती उठली. जाताना तिने बाकावर बसलेली रुईची लव हाताने झटकली, कोणी पुढे बसणार असेल त्याच्यासाठी.

आमच्या भागात हे घरोघरी असायचं. मोबाइल नवे आले तेव्हा मालक आपल्या सालदारालाही एक सिम घेऊन द्यायचा. शेतावरची लाइट कधी येईल याचा नेम नसायचा, लाइट आली की फोन करून मोटार चालू करायला सांगता यावं म्हणून. कागदपत्रं मालकाची, फोन सालदाराचा. साल संपायचं, माणूस दुसरीकडे जायचा, तरी नंबर तोच राहायचा. आपण दुसऱ्याच्या नावावर बोलतोय हे कोणाच्या गावीही नसायचं.

दोन दिवसांनी त्या बाईच्या गावचा पोलीस पाटील आला. हा मनुष्य बातमी आणायचा तेव्हा आधी पाऊसपाण्याच्या गप्पा करायचा. त्या दिवशी त्याने गप्पा केल्या नाहीत, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "साहेब, एक गोष्ट मनात खटकून राह्यली. सांगाव का नाही, समजत नव्हतं."

त्याने सांगितलेलं थोडक्यात असं. चार वर्षांपूर्वी त्या शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी त्याच्याच सालदाराच्या मुलाबरोबर निघून गेली होती. जाती वेगळ्या. बापाने शोध घेतला नाही, तक्रार दिली नाही. चौथ्या दिवशी गावातल्या हातपंपावर सगळ्यांदेखत मुलीच्या नावाने आंघोळ केली. जिवंत लेकीच्या नावाची आंघोळ केली म्हणजे ती मेली, पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, कोणी त्याच्यासमोरही काढायचं नाही. सालदाराने त्याच दिवशी काम सोडलं. दोन वर्षांनी तो आजारपणात वारला. दोन घरांचं बोलणं तेव्हापासून बंद.

"आता यंदा पाहा," पाटील म्हणाला, "अळी पडली म्हनून त्यानं कापसाच्या उभ्या पराटीत रोटाव्हेटर फिरवला. ते तं लोकायनं बी केलं. पन बैलजोडी साळ्याकडे नेऊन बांधली. अन् दिसभर रिकाम्या वावरात मचानावर बसून राह्यते, हातात फोन घेऊन. म्या विचारलं, काऊन बसले? तं म्हने, वाट पाहून राह्यलो. कोनाची, तं सांगत नाही. अन् सालदाराच्या बाईचा फोन बंद पडला, तो बी याच टायमाले. पोरगं-पोरगी त्याच नंबरवर फोन करत, साऱ्या गावाले माहीत हाय. साहेब, याच्या मनात काहीतरी हाय."

अशा प्रकरणांचे शेवट मी दोन ठिकाणी पाहिले होते, पंचनामे माझ्याच हातचे. मुलीने पळून जाऊन चार वर्षं झाली म्हणजे बापाचा राग निवला असं समजणारा पोलीस फार दिवस पोलीस राहत नाही. बैल दुसऱ्याकडे बांधून ठेवणारा माणूस घर सोडायच्या तयारीत असतो, हे माझं अनुभवाचं गणित होतं. गणित बरोबर होतं, फक्त उत्तर चुकलं, पण ते पुढे.

मी त्या बाईला बोलावून घेतलं. आधी ती मान खाली घालून बसली. मग मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "पोरं फोन कधी करतात?"

"वर्षातून दोन-तीनदा. दर येळेस येगळ्या नंबरावरून. म्या उलट लावू नोको म्हन्तात. भेतात ना."

"कुठे राहतात?"

"मले बी नाही सांगतलं. म्याच म्हनलं, नोको सांगू. मले माहीतच नसलं तं माह्या तोंडून निघनार नाही."

ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. साक्षीदार संरक्षणाचा एवढा पक्का नियम मी ट्रेनिंगमध्येही शिकलो नव्हतो. मी म्हटलं, फोन आठ दिवसांनी चालू झाला तर काय बिघडेल. तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"सुनेले नववा लागला साहेब. तिले माय नाही. बाळंत झाली की फोन करीन म्हने, काई इचारायचं असलं तरी करीन म्हने. अन् नंबर दुसऱ्याच्या हाती लागला हे समजलं त्याहीले, तं पुन्हा जन्मात फोन नाही करनार. मंग म्या कुठी शोधू?"

मला तेव्हा प्रकरणाचा सगळा भार कळला. एक मुलगी दिवस भरत आलेली, कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. तिला या गावाशी बांधणारा धागा म्हणजे दहा आकडे, आणि ते आकडे आता कोणाच्या तरी खिशात आहेत.

मोबाइलच्या दुकानदाराला ठाण्यात आणलं. तो घामाघूम झालेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आधार जोडायचे मेसेज येत होते म्हणून तो शेतकरी आपला नंबर जोडायला आला. मशीनवर दिसलं की त्यांच्या नावावर आणखी एक नंबर चालू आहे. "म्या म्हनलं, काका, हा जुना सिम हाय, बंद करू का बदलून देऊ? ते लई वेळ काहीच बोलले नाही. मंग म्हने, दे बदलून."

"तुला नक्की आठवतं तेच होते?"

"आठवते ना साहेब. त्याहीचा अंगठाच उठून नव्हता राह्यला मशीनवर. धुवाले लावला, पुसाले लावला, बोटं बदलली. अर्धा घंटा गेला. पराटी वेचनाऱ्याचे हात, रेघाच राह्यल्या नाही."

म्हणजे कायद्याने सगळं स्वच्छ. सिम त्याच्या नावावर, अंगठा त्याचा. नवं सिम चालू झालं आणि बाईच्या फोनमधलं बंद पडलं. तक्रार तरी कशाची घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेतकऱ्याला बोलावलं. साठीला टेकलेला, उंच, पांढरे कपडे, टोपी. आला तसा उभा राहिला. मी बसा म्हटल्यावर बसला. पाण्याचा ग्लास समोर ठेवला, त्याला त्याने हात लावला नाही. पोलिसांचा एक ठोकताळा आहे, खोटं बोलणारा आधी पाणी मागतो आणि खरं दाबून ठेवणारा पाण्याकडे बघतही नाही. ठोकताळा मला पाठ होता. तेव्हा वापरला मात्र नाही.

"फोन दाखवा," मी म्हटलं. त्याने काढून दिला. दुसऱ्या सिमवर फक्त एक कॉल आलेला होता, सहा दिवसांपूर्वीचा, दोन मिनिटांच्या आतबाहेर.

"कोणाचा फोन?"

त्याने टोपी नीट केली.

"काय बोललात?"

"काई नाही."

"दोन मिनिटं काही नाही?"

"सिम माह्या नावावर हाय, साहेब," तो म्हणाला.

असे दोन तास गेले. मी चढ्या आवाजात बोललो. कलम १०७ खाली चॅप्टर केस करून शांतता राखायचा बाँड लिहून घेईन म्हणालो, मुलीच्या केसालाही धक्का लागला तर तुझी गय करणार नाही म्हणालो. तुम्हीवरून तूवर कधी आलो ते मला कळलंही नाही. त्याला मात्र ते कळलं होतं. तो खिडकीतून येणारी रुई बघत बसला होता. एक तंतू त्याच्या बाहीवर बसला, तो त्याने झटकला नाही.

शेवटी मी थकलो. नोकरीत मी कबुलीजबाब मिळवले ते बहुधा थकल्यावरच. मी आवाज खाली आणून नुसतं विचारलं, "बैल का नेऊन बांधले?"

तो गोंधळला. बहुतेक एवढा साधा प्रश्न अपेक्षित नव्हता. "वावर मोकळं झालं, साहेब. वैरन नाही, काम नाही. उपाशी ठेवू का मुक्या जित्राबाले? साळ्याकडे चारा हाय."

माझं गणित तिथेच मोडलं. मी चहा मागवला. सकाळपासून मी त्याला चहा विचारला नव्हता, हेही मला तेव्हा जाणवलं. कप हातात घेतल्यावर तो आपणहून बोलू लागला, माझ्याकडे न बघता.

"फोन वाजला. म्या उचलला. तिकून तिचा आवाज आला, काकू, ऐकू येऊन राह्यलं का? म्या काई बोललो नाही. तं म्हने, काकू, रेंज नाही वाटते तुह्याकडे, म्या बोलतो, तू ऐक. मंग तिनं इचारलं." त्याने कप खाली ठेवला. "तिनं इचारलं, बाबाच्या वावरात यंदा सीतादही कोनं केली?"

कापसाच्या वेचणीच्या पहिल्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. ते बाईमाणसाचं काम. या घरातली आई मुलगी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे दहाव्या वर्षापासून ते त्या मुलीने केलं होतं.

"कोनं केली?" मी विचारलं.

"कोनीच नाही. चार वर्षांपासून कोनीच नाही केली," तो म्हणाला. "पन तिले सांगता नाही आलं. बोललो असतो तं तिनं आवाज ओयखला असता. भेऊन फोन ठेवला असता. म्हनून गुमान राह्यलो. ती दोन-चारदा काकू काकू म्हने, मंग ठेवला तिनं."

"आणि तेव्हापासून मचाणावर बसून राहिलात?"

"हाव. पुन्हा करन म्हनून."

या माणसाने गावासमोर लेकीच्या नावाची आंघोळ केली होती. ती आता पुसता येत नव्हती. कोणाच्या दारात जाऊन माझी पोरगी कशी आहे, एवढं विचारायची सोय त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती. मग मोबाइलच्या दुकानदाराने नकळत एक दार दाखवलं आणि हा गुपचूप आत जाऊन उभा राहिला. मला त्याची दया आली, आणि रागही आला, कारण त्याच्या त्या दोन मिनिटांपायी एक गर्भार पोर घाबरून गेली असणार हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. पोर घाबरली असणार, एवढं मी त्याला सांगितलं. ती गर्भार आहे हे मात्र सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

त्याने लगेच मान हलवली. "तिचा नंबर तिले वापस देऊन टाका," म्हणाला. तिचा म्हणजे सालदाराच्या बाईचा.

दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन ठाण्यातच आला. नंबराचा फेरफार म्हणजे सातबाऱ्याच्या फेरफारासारखाच, अर्ज करा आणि बसा. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. शेतकऱ्याने पुन्हा एकदा अंगठा देऊन त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं आणि ते बाईच्या फोनमध्ये टाकायचं. नावबदलाचा अर्ज मागून. बाईलाही निरोप धाडून बोलावलं होतं. अंगठा पुन्हा उठेना. दुकानदाराने ओल्या फडक्याने पुसला, स्वतः धरून दाबला, आठव्या-नवव्या खेपेला मशीनने मान्य केला. मग तो म्हणाला, "आता आधी काकाच्या फोनातलं बंद पडंल. मंग काकूच्या फोनात चालू होईल. दोन तास लागतीन, चार लागतीन. कधीकधी दुसरा दिवस उजाडते."

सव्वा दोनच्या सुमारास शेतकऱ्याच्या फोनवरची रेंजची रेघ गेली. तो बघतच होता. बाईने आपला फोन पाहिला, तिथेही काही नव्हतं. दोघंही घरी जाऊ शकले असते. मी तसं म्हटलंही. कोणीच उठलं नाही.

तेव्हापासून पुढचे अडीच तास तो नंबर कोणाचाच नव्हता. त्या वेळात त्या मुलीने फोन केला असता तर तो कुठे गेला असता, असा विचार मी बालिशपणे करत बसलो. जिनिंग त्या दिवशी चालू होतं. यंत्राची घरघर एकसुरी येत होती, ऊन व्हरांड्याच्या फरशीवरून हळूहळू सरकत होतं, रुई तरंगत होती. कोठडी रिकामी, वायरलेस गप्प. हवालदार खुर्चीत पेंगला होता आणि मी त्याला उठवलं नाही. स्टेशन डायरी समोर ओढून मी लिहायचं सोंग केलं. खिडकी बाकाच्या अगदी मागे होती.

पहिला तासभर काही नाही. मग बाई समोरच्या लिंबाकडे बघत म्हणाली, "मालक, तिले नववा लागला हाय."

त्याने मान वळवली नाही. मला वाटलं त्याने ऐकलंच नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दवाखान्यात नाव घातलं का?"

"हाव. सरकारी दवाखान्यात."

"तिच्या मायले लई तरास झालता. टायमावर न्या म्हना. घरी वाट नोको पाहा म्हना."

"सांगतो."

एक कुत्रं व्हरांड्यात येऊन त्या दोघांच्या मधल्या जागेखाली पसरलं.

"तुह्या नवऱ्याच्या मातीले आलो नाही म्या," तो म्हणाला.

"बांधावर उभे होते तुमी. लई वेळ. दिसले मले."

टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. माझ्या हातातलं पेन कोऱ्या पानावर तसंच टेकलेलं होतं. चार वर्षं एका गावात राहून ही दोन माणसं बोलली नव्हती, आणि आता बोलत होती ती केवळ एका कंपनीचं मशीन कुठेतरी सावकाश चालत होतं म्हणून. मला वाटलं, लागू दे अजून वेळ. पोलीस ठाण्यात कोणाला असं वाटत नाही. मला वाटलं.

पावणेपाचला बाईच्या फोनमधून आवाज झाला. मग एकापाठोपाठ एक कंपनीचे मेसेज येत राहिले. दुकानदाराने पळत येऊन पाहिलं, आपल्या फोनवरून रिंग दिली, ती वाजली. बाईने फोन दोन्ही हातांत धरला. शेतकरी उठला, टोपी घातली आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "जाऊ का साहेब?"

सकाळच्या तू-तुकाराबद्दल मला त्याची माफी मागायची होती. अंगावर वर्दी असली की जीभ जड होते. मी नुसतं "या" म्हटलं. तो निघून गेला. बाई त्याच्या मागे पंधरा-वीस पावलं ठेवून गेली, गावाकडच्या रस्त्याने.

बारा-तेरा दिवसांनी ती पुन्हा आली. हातात पेढ्यांचा पुडा. नात झाली होती. मी तिला बसवलं, हवालदाराने न सांगता चहा आणला. ती सांगत होती ते मी आज जसंच्या तसं लिहितो आहे, कारण हे एवढं मात्र मी विसरलेलो नाही.

"सुनेचाच फोन आला. म्या साऱ्या आधी सांगितलं, तवा फोन तुह्या बापानं उचलला होता. काई वाईट मनात नव्हतं, तुहा आवाज आयकत होते. तं ती गप्पच झाली, साहेब. हो नाही, नाही नाही. पन फोन ठेवला नाही तिनं. म्या फोन तसाच चालू ठेवला अन् चालत त्याहीच्या वावरात गेली. मचानावरून खाली बोलावलं, हातात देला."

"मग? बोलले?"

"कोनीच नाही बोललं. ना ती, ना ते. म्या बांधावर जाऊन बसली. लेकरू रडत होतं तिकून, त्याचाच आवाज येऊन राह्यला होता. ते आयकत उभे होते. मंग तिच्या फोनातले पैसे सरले अन् बंद पडला."

तिचा दाखल्याचा अर्ज निकाली काढला. डायरीत लिहिलं, अर्जदार बाईची तक्रार राहिलेली नाही. आमच्या भाषेत याहून जास्त लिहायला जागा नसते.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगायची वेळ येते तेव्हा मी अडखळतो. उभ्या नोकरीत 'विचारले असता समाधानकारक उत्तर देत नाही' हे वाक्य मी शेकडो कागदांवर लिहिलं होतं, आणि त्या वाक्याच्या भरवशावर माणसं आत टाकली होती. जो बोलत नाही तो लपवतोय, एवढंच मला माहीत होतं. गप्प बसलेला माणूस ऐकतही असू शकतो, हे त्या बापाने आणि त्याच्या लेकीने दाखवलं. पुढे माझी सहा वर्षं नोकरी राहिली होती. समोरचा बोलेनासा झाला की मी कलम सांगायचं थांबवलं आणि आधी चहा सांगू लागलो. त्याने सगळे गुन्हे उघडकीस आले असं नाही. पण ज्यांना मी तेव्हा नुसतं बसू दिलं, त्यांच्यातल्या काहींकडे सांगण्यासारखा गुन्हाच नव्हता, आणि त्याआधीच्या वर्षांत असे किती जण माझ्या हातून कोठडीत गेले असतील, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो. त्याचं समाधानकारक उत्तर मला देता येत नाही.